कळ येते त्या वेळचं हृदय

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये तपासण्यांची फाईल मांडीवर घेऊन बसलेलं कुणी ना कुणी असतंच. कुणी जेजेला निघालेलं असतं, कुणी केईएमला. अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकल आली, पनवेल-कामोठ्याची इस्पितळं हाकेच्या अंतरावर आली. तरी दुखणं मोठं असलं की मुंबई गाठायची, ही इथल्या कोळी-आगरी घरांची सवय अजून सुटलेली नाही. या फायलींपैकी काही वाचताना मन अस्वस्थ होतं. कार्डिओग्राम नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट निगेटिव्ह, अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. आणि फाईलवाला सांगत असतो की पहाटे तीन-चारला छातीत अशी कळ येते की अंथरुणात उठून बसावं लागतं, अंगाला दरदरून घाम सुटतो, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरतं. दिवसा मात्र तो जाळी ओढतो, बर्फाच्या पाट्या उचलतो, त्याला काही होत नाही. पुरुष असेल तर त्याला 'गॅस' सांगितलेला असतो, बाई असेल तर 'टेन्शन'.

यातल्या सगळ्यांना हृदयविकार असतो असं नाही. काहींना खरोखरच अन्ननलिकेचा त्रास असतो. पण काहींच्या हृदयाच्या धमनीला पेटका येत असतो, वैद्यकात ज्याला करोनरी स्पाझम म्हणतात तो. हा आजार छातीवर सुरी न चालवता आणि मनगटातून नळी न घालता, यंत्राच्या चित्रांवरून कितपत ओळखता येतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय नवखा असल्यामुळे पुस्तकात शिरण्यापूर्वी त्याचा सगळा प्रदेश एकदा लांबून पाहून घेऊ.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या म्हणजे लोखंडी पाइप नव्हेत. त्यांच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूचा थर असतो आणि तो सतत थोडा आवळत, थोडा सैलावत असतो. झोपेत पोटरीला गोळा यावा तसा या थरातला एखादा तुकडा अचानक करकचून आवळला, तर ज्या धमनीत चरबीचा अडथळा नावालाही नाही तीसुद्धा क्षणभर जवळजवळ बंद होते. पलीकडचा हृदयस्नायू उपाशी पडतो, छातीत कळ येते, ठोक्यांची लय बिघडू शकते. पेटका सुटला की रक्त पुन्हा वाहू लागतं आणि मागे फारशी खूण राहत नाही. बिडी-सिगारेट हे याचं सर्वांत ठळक कारण. कडाक्याची थंडी, भराभर श्वास घेणं, रात्रीच्या दारूनंतरची पहाट, कोकेन, अर्धशिशीवरची काही औषधं यांनीही पेटका येऊ शकतो. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा स्मारक केंद्राचं कॅन्सर केंद्र पनवेल तालुक्यातच आहे, म्हणून इथल्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पोटाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरवर सर्रास दिली जाणारी फ्लुओरोयुरॅसिल आणि कॅपेसिटाबिन ही औषधंही काही रुग्णांत धमनीला पेटका आणतात. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या छातीत कळ आली, तर ती अशक्तपणाच्या खात्यावर टाकू नये.

छातीच्या या दुखण्याचं पहिलं नेमकं वर्णन विल्यम हेबर्डन यांनी 1768 मध्ये लंडनच्या वैद्यांसमोर वाचलं. त्यांचा रुग्ण चालताना, विशेषतः जेवणानंतर चढ चढताना, छाती आवळल्यामुळे थांबायचा. श्रमाने दुखतं, थांबलं की राहतं, हे सूत्र पुढे दोनशे वर्षं वैद्यकाच्या डोक्यात घट्ट बसलं. 1959 मध्ये लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिंझमेटल यांनी याच्या नेमके उलटे रुग्ण मांडले. यांना दुखायचं ते विश्रांतीत, बहुधा ठरावीक वेळी, आणि त्या क्षणी काढलेल्या कार्डिओग्रामवर एसटी रेषा खाली न जाता वर चढलेली दिसायची. धमनीचा ताण वाढत असावा, हा त्यांचा तर्क होता. तो डोळ्यांनी दिसला 1973 मध्ये, जेव्हा फिलिप ओलिव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका चालू असतानाच अँजिओग्राफी करून आवळलेली धमनी दाखवली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा आरंभ मात्र इटलीतल्या पिसा शहरात झाला. अत्तिलिओ मासेरी यांनी अशा रुग्णांना अतिदक्षता विभागात ठेवून दिवसरात्र त्यांच्या कार्डिओग्रामच्या रेषा पाहिल्या आणि कळ येताच शिरेतून किरणोत्सारी थॅलियम दिलं. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चित्रांत हृदयाच्या भिंतीचा एक भाग झटक्याच्या वेळी पूर्ण जाडीभर रक्ताविना रिकामा दिसत होता, आणि झटका नसताना तोच भाग भरलेला. नळी न घालता स्पाझमचा परिणाम चित्रात आणण्याचा हा पहिला मोठा पुरावा. मला तो या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग वाटतो, आणि त्याचं कारण यंत्र नाही. रुग्णाशेजारी कुणीतरी जागं होतं आणि सुई तयार होती, हे कारण आहे.

जपानमध्ये हिरोफुमी यासुए यांनी वेळेचाच धागा पुढे नेला. त्यांनी 13 रुग्णांची व्यायामचाचणी एकदा पहाटे आणि एकदा दुपारी घेतली. पहाटे सगळ्यांना झटका आला, दुपारी फक्त दोघांना. 1979 चा हा निष्कर्ष आपल्याकडच्या प्रत्येक स्ट्रेस टेस्टच्या खोलीत भिंतीवर लावावा असा आहे, कारण आपल्या चाचण्या होतात त्या सकाळी अकरानंतर, रुग्ण लाँच, रिक्षा, लोकल करून पोचल्यावर. 1986 मध्ये यासुए यांच्याच गटाने धमनीत अ‍ॅसिटिलकोलिन सोडून पेटका मुद्दाम आणून पाहण्याची पद्धत मांडली. अँजिओग्राफीच्या टेबलावर होणारी ही चाचणी आजही निदानाचा शेवटचा शब्द मानली जाते.

याच सुमारास वाटा फुटल्या. 1977 मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला आणि पाश्चात्त्य हृदयवैद्यक ब्लॉकेजच्या मागे लागलं. जे फुगवता येतं तेच दिसू लागलं. पेटक्यावर लागू पडणाऱ्या कॅल्शियमरोधक गोळ्या हाताशी आल्या होत्या, त्यामुळे स्पाझम हा सुटलेला प्रश्न समजून बाजूला पडला. जपान आणि कोरियात मात्र हे रुग्ण अधिक दिसत राहिले आणि तिथले डॉक्टर प्रश्नाला धरून राहिले. म्हणूनच या विषयातलं बरंचसं अनुभवाचं शहाणपण तिकडून आलं आहे. भारतीय वैद्यकाने आपला अभ्यासक्रम पश्चिमेकडून घेतला आणि त्याबरोबर हा विसरही घेतला, असं माझं मत आहे.

आता तपासण्यांकडे वळू. नवख्या वाचकाने एक भेद आधी मनात धरावा. काही तपासण्या धमनी पाहतात, काही त्या धमनीवर जगणारा स्नायू पाहतात, आणि काही स्नायूत रक्त पोचलं की नाही ते पाहतात. पेटका धमनीत येतो, पण नळी न घालता आपल्याला बहुधा त्याचा परिणामच दिसतो, खुद्द पेटका दिसत नाही.

धमनी पाहणारी आजची लोकप्रिय तपासणी म्हणजे सीटी अँजिओग्राफी. ब्लॉकेज नाही हे सांगण्यात ती उत्तम आहे. पण चित्र स्वच्छ यावं म्हणून तपासणीआधी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात, धमन्या फुलाव्यात म्हणून, आणि ठोके संथ करायला बीटा-ब्लॉकर देतात. म्हणजे पेटका असलाच तर तो चित्र काढण्यापूर्वीच सोडवलेला असतो. कोरियातल्या काही डॉक्टरांनी याला उत्तर शोधलं. पहाटे, औषधं बंद ठेवून, नायट्रोग्लिसरीनसारखं नायट्रेट न देता एक सीटी आणि नंतर नायट्रेट देऊन दुसरी. पहिल्यात अरुंद दिसलेली जागा दुसऱ्यात फुलली तर संशय बळावतो. कल्पना मला फार आवडते. पण दोनदा किरणं, दोनदा शिरेतून रंग, पहाटेची वेळ आणि पेटका त्या क्षणी असण्याचा योग, एवढं सगळं जुळावं लागतं. पेटका पकडला गेला तर निदानाला आधार मिळतो. न पकडला गेला तर काहीच सिद्ध होत नाही. धमनीभोवतीच्या चरबीचा दाह सीटीवर किंवा पेट स्कॅनवर मोजण्याचं संशोधनही चालू आहे. ते आशादायक आहे, पण रोजच्या निदानाला अजून उपयोगी नाही.

स्नायू पाहणारी तपासणी म्हणजे इको. 1953 मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहायला सुरुवात केली, आणि आज उरणसारख्या गावातही टूडी इको होतो. रक्तपुरवठा तुटला की घटनांची एक साखळी सुरू होते. आधी रक्त कमी पडतं, मग स्नायूचं सैलावणं बिघडतं, मग आकुंचन, त्यानंतर कार्डिओग्राम बदलतो आणि छातीत कळ येते ती सर्वांत शेवटी. म्हणजे कळेच्या वेळी इकोचा प्रोब छातीवर असेल, तर भिंतीचा एक भाग हलेनासा झालेला स्पष्ट दिसतो. कळ ओसरल्यावर तोच भाग पुन्हा नीट हलू लागतो आणि अहवालात 'नॉर्मल' लिहिलं जातं. अहवाल खोटा नसतो. तो वेगळ्या वेळेचा असतो.

म्हणून मग झटका मुद्दाम आणून इको करण्याची पद्धत निघाली. पिसाच्याच परंपरेत युजेनिओ पिकानो यांनी स्ट्रेस इकोचं शास्त्र उभं केलं. रुग्णाला काही मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावून इको करणं हा त्यातला सौम्य मार्ग, बहुधा पहाटे. दुसरा मार्ग अर्गोनोव्हिनचा. आपल्याकडच्या प्रत्येक प्रसूतिगृहाच्या फ्रिजमध्ये बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला जे मेथर्जिन असतं, त्याच घराण्यातलं हे औषध, आणि ते गर्भाशयाप्रमाणे हृदयाची धमनीही आवळू शकतं. सोलच्या आसान मेडिकल सेंटरमध्ये जे-क्वान सोंग यांच्या गटाने हजाराहून अधिक रुग्णांवर अर्गोनोव्हिन इको करून ती योग्य हातांत सुरक्षित आणि उपयुक्त ठरते हे दाखवलं. तरीही इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. 1980 च्या सुमारास शिरेतून दिलेल्या अर्गोनोव्हिनने आणलेला पेटका सुटेनासा होऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. धमनीत मोठा अडथळा नाही हे आधी ठरल्याशिवाय, आणि नायट्रोग्लिसरीन, डिफिब्रिलेटर व अनुभवी माणूस हाताशी असल्याशिवाय ही तपासणी कुणीही करू नये. पुस्तकाचे लेखकही याच मताचे आहेत.

रक्त पोचलं का ते पाहणारी शाखा म्हणजे अणुवैद्यक, आणि ती मोऱ्याच्या अगदी डोळ्यांसमोरची आहे. धक्क्यावर उभं राहिलं की उत्तरेला घारापुरी, आणि तिच्या मागे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. या केंद्राचं किरणोत्सार वैद्यक केंद्र 1963 पासून परळला टाटा हॉस्पिटलच्या परिसरात आहे आणि 2002 मध्ये देशातलं पहिलं पेट यंत्र तिथेच बसलं. हृदयाच्या स्कॅनला लागणारी किरणोत्सारी औषधं बनवणारं ब्रिट हे मंडळ वाशीत आहे. या सगळ्यात आपल्या कामाचा पदार्थ म्हणजे टेक्नेशियमची जोड दिलेलं सेस्टामिबी. ते शिरेत दिलं की काही मिनिटांत, जिथे रक्त पोचतंय तिथल्या स्नायूत शिरतं आणि तिथेच टिकून राहतं. त्यामुळे सुई कळेच्या क्षणी टोचायची आणि चित्र तासा-दोन तासांनी, झटका गेल्यावर, निवांत काढायचं, हे शक्य होतं. चित्रात उमटतं ते सुई टोचली त्या क्षणाचं हृदय. स्पाझमसारख्या पळत्या आजाराला याहून सोयीचं साधन सुचणं अवघड. अडचण वेगळीच आहे. टेक्नेशियमचं अर्धायुष्य 6 तास. रात्री दहाला तयार ठेवलेला डोस पहाटे चारला निम्मा उरतो, आणि पहाटे चारला तो टोचणारा माणूस विभागात नसतो. अडलंय ते भौतिकशास्त्रापाशी नाही, ड्युटीच्या तक्त्यापाशी.

जपानने यावर दुसरा तोडगा काढला. हृदयस्नायू मुख्यतः चरबीजन्य आम्लांवर चालतो, आणि रक्त तुटून पुन्हा आलं तरी त्याची ही पचनक्रिया काही काळ बिघडलेलीच राहते. आयोडीन-123 लावलेल्या बीएमआयपीपी या पदार्थाने ते बिघडलेपण झटका ओसरल्यावरही दिसतं. तिथे त्याला रक्तटंचाईची स्मृती म्हणतात. जपानबाहेर ते फारसं पोचलेलं नाही. आपल्याकडे या दिशेने प्रयत्न झाले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

एमआरआयबद्दल थोडक्यात सांगतो. झटका लांबून स्नायूचा तुकडा मेला असेल, तर गॅडोलिनियम दिलेल्या एमआरआयवर तो व्रण पक्का दिसतो. आणि हार्ट अ‍ॅटॅकसारखं दुखणं येऊन ब्लॉकेज न सापडलेल्या माणसाला स्नायूचा दाह होता की रक्त तुटलं होतं, हे सांगायला एमआरआयइतकी चांगली तपासणी नाही. पण अ‍ॅडिनोसिन देऊन केलेला एमआरआय, थॅलियम किंवा पेट निगेटिव्ह आला म्हणून स्पाझम नाही, असं समजू नये. अ‍ॅडिनोसिन धमन्या फुलवतं; पेटका आणण्याचं त्याचं काम नाही. ही चूक मोठमोठ्या अहवालांच्या तळटिपांतही आढळते.

आता, इतक्या यंत्रांच्या गर्दीत जी तपासणी सर्वांत जुनी आणि स्वस्त, तिच्याकडे यायला हवं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या कोवाडिस गटाने 2017 मध्ये या आजाराच्या निदानाचे निकष मांडले. नायट्रेटने थांबणारी कळ, आणि तिच्या जोडीला आपोआप आलेल्या झटक्याच्या वेळी कार्डिओग्रामवर दिसलेले रक्तटंचाईचे बदल, एवढं असलं तरी निदान निश्चित धरता येतं. मग पेटका नळी घालून पाहावा लागतोच असं नाही. म्हणजे बारा लीडची एक पट्टी, योग्य वेळी काढलेली, लाखो रुपयांच्या यंत्रांना मागे टाकते. ती चुकली तर होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवायचा कार्डिओग्राम, तोही चोवीस तासांचा नव्हे तर अनेक दिवसांचा. तेही जमलं नाही आणि संशय दाट असेल, तर अँजिओग्राफीच्या टेबलावरची अ‍ॅसिटिलकोलिन चाचणी. चित्रांच्या तपासण्यांची जागा या दोन टोकांच्या मध्ये आहे: दुसरे आजार वगळायला, संशय वाढवायला किंवा कमी करायला, झालेलं नुकसान मोजायला. त्यांच्यापैकी एकही आज एकट्याने 'स्पाझम नाही' असं सांगू शकत नाही. चित्रांच्या तपासण्यांवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे लिहिणं विचित्र वाटेल. पण लेखकांनी पहिल्याच पानावर हे मान्य केलं आहे आणि म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो.

हे सगळं आत्ताच का हवं? एक तर ब्लॉकेजविना दुखणाऱ्या हृदयाकडे जगाचं लक्ष पुन्हा वळलं आहे. 2018 मध्ये ग्लासगोहून कोलिन बेरी यांच्या गटाने 151 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. धमन्यांची वर्तणूक तपासून त्याप्रमाणे औषध दिलेल्यांची कळ सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झालेली होती. नाव बरोबर लागलं की उपचार बदलतो, हे त्यातून ठरलं. स्पाझमला डिल्टियाझेम, अ‍ॅम्लोडिपिनसारख्या कॅल्शियमरोधक गोळ्या आणि नायट्रेट लागू पडतात. या गोळ्या महागही नाहीत. उलट हृदयरोग म्हणून सवयीने दिलेला प्रोप्रॅनोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर पेटका वाढवू शकतो, आणि किरकोळ अडथळ्यावर टाकलेली स्टेंट शेजारच्या तुकड्याचा पेटका थांबवत नाही. घर गहाण ठेवून स्टेंट टाकलेल्या आणि तरीही पहाटे उठून बसणाऱ्या माणसाला आपण काय उत्तर देणार आहोत?

दुसरं कारण आपल्या किनाऱ्याचं आहे. मासेमारी भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालते. उधाणाच्या दिवसांत पहाटे दोनला होडीवर जायचं, गार वाऱ्यात, रिकाम्या पोटी, एका बिडीवर. आणि पेटक्याची वेळही तीच. ओहोटीला बंदरात गाळ वर येऊन लाँच अडते, पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात. इथली कळ आणि इथला कार्डिओग्राम यांची गाठ पडणं म्हणूनच कठीण. तरी ती पडू शकते. जवळच्या दवाखान्यात रात्री चालू राहणारं ईसीजी यंत्र, पट्टीचा फोटो मोबाइलवर तज्ज्ञाला पाठवण्याची सवय, आणि कळ चालू असतानाच पट्टी काढायची असते हे घरातल्या माणसांना ठाऊक असणं, एवढ्याने पुष्कळ काम होईल.

लेखकांनी पुस्तक तंत्रज्ञ, परिचारिका, गावातले डॉक्टर आणि रुग्णाच्या घरची वाचणारी माणसं यांना समोर ठेवून लिहिलं आहे. प्रत्येक तपासणीबद्दल त्यांनी तीन प्रश्न धरून ठेवले आहेत: ती नेमकं काय पाहते, कोणत्या घडीला पाहते, आणि तिचा 'नॉर्मल' कितपत विश्वासाचा. मराठी संज्ञांचा अट्टहास त्यांनी केला नाही. इको, होल्टर, स्टेंट हे शब्द रुग्णाच्या तोंडी आहेत तसेच ठेवले. काही ठिकाणी माझं त्यांच्याशी पटत नाही. दोनदा सीटी करण्याबद्दल ते माझ्यापेक्षा अधिक आशावादी आहेत, आणि अर्धशिशी असलेल्या बायकांच्या छातीतल्या कळेवर आणखी लिहायला हवं होतं. पुढच्या आवृत्तीत ते होईल अशी आशा आहे.

शेवटच्या पानावर रुग्णाने भरायचा एक तक्ता दिला आहे. कळ किती वाजता आली, किती मिनिटं टिकली, आदल्या रात्री काय घेतलं होतं, गोळी जिभेखाली ठेवल्यावर किती वेळात थांबली, पट्टी निघाली का आणि केव्हा. त्याच्या झेरॉक्स काढायला परवानगी मागायची गरज नाही. कळ पंधरा-वीस मिनिटांवर गेली किंवा भोवळ आली, तर तक्ता बाजूला ठेवून 108 ला फोन करा. नाहीतर तो भरा, आणि पुढच्या वेळी मुंबईला जाताना फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.